नर्सबाईंनी शब्द फिरवला

प्रमिलाबाई सोमकुंवर आमच्या प्लांटवर पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांना पाहून आधी वॉचमन उठून उभा राहिला. मग वजनकाट्यावरचा माणूस उठला, मग भट्टीवरचे दोघं. आमच्या शेठला वाटलं की हे कुणीतरी ठरवून केलंय. तसं काही नव्हतं. बाईंनी उभी नोकरी मध्य प्रदेशातल्या आमच्या सौसर तालुक्यातल्या खेड्यांमध्ये सरकारी नर्स म्हणून काढली होती आणि प्लांटवरची बरीच माणसं त्यांच्या हातावर जन्मलेली होती. भट्टीवरच्या एका मिशाळ गड्याकडं बोट दाखवून त्यांनी शेठला सांगितलं, "हा माह्या हातचा आहे. पायाळू होता. याच्या मायले दोन दिवस लागले होते." गड्यानं मान खाली घातली आणि उगाच हातमोजे झटकत राहिला.

तेव्हा त्यांचं वय साठीच्या पुढं गेलं होतं. बुटक्या, अंगानं भरलेल्या, पायात रबरी चपला. रिटायर होऊन दोन वर्षं झाली तरी पांढऱ्या साडीची सवय पुरती सुटली नव्हती, रंगीत साडी नेसल्या तरी ती धुऊन धुऊन फिकी पडलेलीच असायची. डाव्या तळहातावर बॉलपेननं काहीतरी लिहिलेलं असे: कुणाचं नाव, कुठल्या गल्लीतलं घर, परत कधी जायचं ते. वही का ठेवत नाही म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाल्या, "वही हरवते. हात घरी येतेच."

बोलायला लागण्याआधी त्या समोरच्याचा श्वास ऐकत. म्हणजे खरोखरच ऐकत. माणूस सांगत असायचा पाऊसपाण्याचं, आणि बाई मध्येच विचारायच्या, "खोकला कवापासून आहे?"

मी तिगावचा. बीएस्सी करून या प्लांटच्या लॅबमध्ये लागलो होतो. लॅब म्हणजे एक पत्र्याची खोली, एक तराजू, काचेची थोडी भांडी आणि एक जुना कॉम्प्युटर. सौसरहून लोधीखेड्याच्या बाजूला, मुख्य रस्ता सोडून आत, एका संत्र्याच्या बागेच्या मागं आमचा प्लांट होता. तिथं प्लास्टिकचं तेल व्हायचं. रॉकेलच्या टाकीसारखा पण कितीतरी मोठा असा बंद लोखंडी ड्रम, त्याला आम्ही रिॲक्टर म्हणायचो. त्यात प्लास्टिक भरायचं, दार पक्कं आवळायचं, आत हवा राहू द्यायची नाही आणि खालून तापवायचं. हवा नसल्यानं प्लास्टिक जळत नाही, तुटतं. त्याची वाफ होते, वाफ थंड केली की तेल, आणि तळाशी उरते ती काळी भुकटी.

बादल्या, बाटल्या, खुर्च्या यांच्यासाठी हे करावं लागत नाही. त्या कबाडीवाला नेतो, त्यांचा दाणा होतो, दाण्याच्या पुन्हा बादल्या. आम्हाला हवं होतं ते कबाडीवालाही घेत नाही असं सगळं: चिप्सच्या आणि गुटख्याच्या चकचकीत पुड्या, दुधाच्या पिशव्या, भाजीच्या वाफ्यांवर अंथरतात ती मल्चिंगची मातकट पन्नी. ते घराघरातून गोळा करायचं तर बायकांचा भरवसा असलेलं माणूस लागणार होतं. शेठ नागपूरचे. त्यांनी चौकशी केली आणि सगळ्यांनी एकच नाव सांगितलं.

बाई लगेच हो म्हणाल्या नाहीत. आधी माझ्या लॅबमध्ये येऊन बसल्या.

"दाखव," म्हणाल्या.

मी दुधाच्या पिशवीचे तुकडे करून काचेच्या चंबूत भरले, तोंडाला नळी लावली आणि खाली बर्नर पेटवला. बराच वेळ काही होत नाही. शेठसुद्धा अशा वेळी फोनवर बोलायला बाहेर जात. बाई स्टूलवर हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. आत धुकं दाटलं, आणि नळीच्या दुसऱ्या टोकाला पिवळा थेंब जमून खाली पडला. तेव्हा त्या पुढं वाकल्या.

त्यांनी विचारलेले प्रश्न मला पाठ आहेत. हे जळत नाही ना? मी म्हटलं नाही, जळायला हवा लागते. मग या तेलाचं काय होते? मी सांगितलं, हे मोठ्या कारखान्यात जातं, तिथं ते शुद्ध करून त्याचा पुन्हा प्लास्टिकचा कच्चा माल होतो, त्याची पुन्हा पिशवी. म्हणजे तेच प्लास्टिक गोल फिरत राहतं, जमिनीतून नवं तेल कमी काढावं लागतं. आमच्या माहितीपत्रकावर हिरव्या बाणांचं एक वर्तुळच होतं, तेही दाखवलं.

"मंग पुन्हा जळत नाही कोठी?"

"नाही."

"पक्कं?"

"पक्कं, बाई."

त्यांनी तळहातावर काहीतरी लिहिलं आणि उठल्या.

एवढी खात्री त्यांना का हवी होती, ते मला त्यांच्याबरोबर खेड्यांत फिरल्यावर कळलं. आमच्याकडं कापूस निघाला की पऱ्हाटीच्या काड्या चुलीला होतात. पावसाळ्यात त्या ओल्या असतात. मग बायका त्यांच्याखाली एक पन्नी, म्हणजे प्लास्टिकची पिशवी नाहीतर पुडी, सरकवतात, ती भसकन पेटते आणि चूल धरते. चुलीशेजारी लेकरू निजलेलं असतं. बाईंनी सगळी नोकरी त्या लेकरांच्या छात्या ऐकण्यात घालवली होती. पन्नी जाळू नका हे त्या पहिल्यापासून सांगत होत्या, आणि बायका विचारत, मग पन्नीचं करायचं काय? त्याला त्यांच्याकडं उत्तर नव्हतं. ते मी त्यांना दिलं होतं.

त्यांची सांगायची पद्धत साधी होती. एखाद्या घराच्या ओट्यावर बसायचं, पाणी मागायचं, लेकरांचं पाहायचं आणि मग म्हणायचं, "पन्नी जाळू नका. धून, वाळवून मले द्या. ते बंद भांड्यात वितळते, त्याचं तेल होते, तेलाची पुन्हा पन्नी होते. कोणाच्याच पोटात धूर जात नाही." बायका त्यांच्या शब्दावर पुड्या धुऊ लागल्या. चैतात हापशाला पाणी येत नाही, तेव्हाही दोरीवर कपड्यांशेजारी दुधाच्या पिशव्या वाळत घातलेल्या मी पाहिल्या आहेत.

मालाच्या बाबतीत बाई कडक होत्या. पीव्हीसी, म्हणजे शेतातल्या पांढऱ्या-राखाडी पाइपांचं प्लास्टिक, आमच्या रिॲक्टरला चालत नाही. ते तापलं की त्यातून तेजाब सुटतं, लोखंड खातं आणि तेल नासवतं. ओळखायचं कसं, हे मी त्यांना शिकवलं. तांब्याची तार लाल तापवायची, प्लास्टिकला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की माल परत. एका बागाईतदारानं मल्चिंगच्या पन्नीत फुटक्या पाइपांचे तुकडे कोंबून पाठवले होते. मोठं घर, शेठच्या ओळखीचे. बाईंनी भर अंगणात तार तापवली, हिरवी ज्योत त्यांच्या डोळ्यांसमोर धरली आणि पोती टेम्पोतून खाली उतरवली. ते रागावले. बाई म्हणाल्या की तुमच्या आईचं ब्लडप्रेशर पाहायला मी उद्या येणारच आहे, तोवर वेगळं करून ठेवा. दुसऱ्या दिवशी खरंच गेल्या. आधी ब्लडप्रेशर पाहिलं, मग पोती.

पण बाई संध्याकाळी घरी गेल्या की शेडमध्ये दुसरा माल यायचा. नागपूरकडून गाठोडी यायची, त्यात काय वाटेल ते असायचं, आणि ते तसंच भट्टीत जायचं. मला ते तेल तपासताना कळायचं. सहा-सात महिन्यांनी आम्ही गुजरातमधल्या एका मोठ्या कारखान्याला नमुना पाठवला. तो नापास होऊन आला: क्लोरीन जास्त, पाणी जास्त, मेण जास्त. हे तेल घेतलं तर आमची यंत्रं खराब होतील, असं त्यांनी कळवलं. मॅनेजरनं तो कागद घेतला आणि मला सांगितलं की हे बाईंच्या कानावर घालायची गरज नाही. मी घातलं नाही. टँकर तर भरून जातच होते. कुठं जातात हे मला महिनाभरात समजलं. तेही मी कुणाला सांगितलं नाही.

देवानंद भट्टीवर होता. लोधीखेड्याजवळच्या खेड्यातला, तिशीचा, बोलायला हळू. बाईंची नोकरी लागल्यावर त्यांनी केलेलं पहिलं बाळंतपण त्याच्या आईचं, म्हणून तो त्यांचा जरा जास्तच लाडका होता. प्लांटवर त्याला त्यांनीच लावलं होतं. त्याची बायको लता नको म्हणत होती. तिला भट्टीची भीती वाटायची. बाईंनी तिला समजावलं होतं की हे काम चांगलं आहे, धूर कमी करायचं काम आहे.

रिॲक्टरचा एक नियम असतो. तेल निघून गेल्यावर तो पुरता थंड होईपर्यंत दार उघडायचं नाही. आत वाफ उरलेली असते, आणि गरम असताना तिला हवा मिळाली की ती पेट घेते. थंड व्हायला जवळजवळ एक दिवस जातो. आमच्याकडं तो दिवस हळूहळू कमी होत गेला. आधी अर्ध्यावर आला. मग हात लावून पाहायचं आणि उघडायचं, असं झालं.

दुपारची वेळ होती. बाई अंगणात बायकांनी दिलेली पोती उतरवून घेत होत्या. मी लॅबच्या दारात होतो. आवाज फार मोठा झाला नाही. एखादं जड कापड जोरात झटकावं तसा झाला. दारातून जाळ बाहेर आला आणि लगेच आत गेला. देवानंद उभाच होता. तो दोन-तीन पावलं चालत आला आणि मग बसला.

सगळे धावत होते, कुणी हळद आणा म्हणत होतं, कुणी टूथपेस्ट. बाईंनी सगळ्यांना मागं सारलं. बोअर चालू करायला लावलं, पाइप हातात घेतला आणि त्याच्यावर पाणी सोडत राहिल्या, ओरडल्या नाहीत की घाईही केली नाही. अंगाला चिकटलेला कपडा कुणालाही ओढू दिला नाही. मग धुतलेली चादर ओली करून त्याच्यावर घातली. नागपूरला जाताना ॲम्ब्युलन्समध्ये त्याच्याशेजारी त्याच बसल्या, पुढं ड्रायव्हरजवळ मी. देवानंद शुद्धीवर होता. त्यानं विचारलं, "बाई, तोंड लय जळलं का?"

"जळलं आहे," बाई म्हणाल्या. "डोळे चांगले आहेत."

तो बरं म्हणाला. पुढं सावनेर येईपर्यंत लताला काय सांगायचं, ते सांगत होता. तिसऱ्या दिवशी तो गेला.

प्लांटकडून जे लिहून गेलं त्यात असं होतं की कामगारानं विचारल्याशिवाय दार उघडलं. पंधरा दिवसांनी भट्टी पुन्हा सुरू झाली.

बाई त्या पंधरा दिवसांत एकदाच आल्या. माझ्या खोलीत त्याच स्टूलवर बसल्या. त्यांचा प्रश्न साधा होता, गरम दार उघडायची घाई का होती? मी म्हटलं, जास्त माल काढायचा होता. एवढं तेल कोणाले पायजे, असं त्यांनी विचारलं. तेव्हा मी त्यांना कागदाची गोष्ट सांगितली. पुड्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना कायद्यानं दाखवावं लागतं की आपण जेवढं प्लास्टिक विकलं तेवढं कुठंतरी पुन्हा वापरात आलं. तसा दाखला आमच्यासारखे प्लांट पैसे घेऊन देतात. आमच्याकडं प्लास्टिक भट्टीत गेलं की दाखला तयार व्हायचा. तेल कसं निघालं आणि पुढं कुठं गेलं, ते आमच्या शेठला तरी कुणी विचारत नव्हतं.

"तू सांग. तेल कोठी जाते?"

मी तराजूवरची धूळ पुसायला लागलो.

"चाल, मंग पाहून येऊ," बाई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी टाकीत साठलेलं तेल घेऊन टँकर निघाला. मी सुट्टी टाकली होती. बाई माझ्या मोटारसायकलवर मागं बसल्या, मांडीवर त्यांची पिशवी. सौसर सोडलं, पांढुर्णा आलं. आता तिथं नव्या जिल्ह्याच्या पाट्या लागल्या आहेत. टँकर गावाबाहेरून निघाला आणि तासाभरानं एका कच्च्या रस्त्याला लागला. पुढं रस्त्यासाठी डांबरात गिट्टी, म्हणजे खडी, कालवायचा प्लांट होता. गिट्टी तापवायला तिथं एक मोठा बर्नर सतत चालू असतो. टँकर त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला आणि पाइप जोडला गेला. चिमणीतून धूर काळा निघत होता आणि वाऱ्यानं खाली वाकून मजुरांच्या झोपड्यांवर पसरत होता.

लपवाछपवी काहीच नव्हती. बाईंनी बर्नरवरच्या माणसाला विचारलं की हे काय जाळता. तो म्हणाला, प्लास्टिकचं तेल, डिझेलपेक्षा सस्तं पडते. बाईंनी त्याला बरं म्हटलं आणि त्याचा खोकला कधीपासून आहे ते विचारलं.

मग त्या झोपड्यांकडं गेल्या. एक बाई भाकरी थापत होती, तिची तीन-चार वर्षांची पोरगी तिच्या पाठीला टेकून बसली होती. प्रमिलाबाईंनी परवानगी मागितली, पोरीला मांडीवर घेतलं आणि तिच्या पाठीवर कान टेकवला. मी गाडीजवळ उभा होतो. कितीतरी वेळ त्यांनी कान काढला नाही. मग पोरीचा झगा खाली ओढला, पोरीच्या आईला दवाखान्याचा रस्ता सांगितला आणि परत आल्या.

गाडी सुरू करायच्या आधी त्यांनी विचारलं, "तुले माईत होतं?"

मी हो म्हटलं.

"कवापासून?"

"गुजरातवरून नमुना परत आला, त्याच्या महिनाभरानं."

त्या गाडीवर बसल्या. पांढुर्णा गेलं, मोहगावचा फाटा गेला. सौसर आलं. मला वाटत होतं, त्यांनी काहीतरी बोलावं. उतरल्यावर त्यांनी एकच विचारलं. हे होतच नाही, की आपल्याकडं होत नाही? मी खरं ते सांगितलं. होतं, बाई. माल नीट निवडला, तेल नीट शुद्ध केलं, पुढचा कारखाना घ्यायला तयार असला, तर त्याची पुन्हा पिशवी होते. त्याला खर्च फार येतो आणि विजेसाठी, उष्णतेसाठी पुन्हा काहीतरी जाळावंच लागतं. पण होतं. आपल्याकडं होत नाही.

"तं तेवढंच सांगाले पायजे," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, शेठला सांगणार असतील. शेठला त्यांनी फक्त काम सोडल्याचं सांगितलं. शब्द त्यांनी बायकांना दिला होता, म्हणून त्या बायकांकडं गेल्या. ज्या ज्या गावात ज्या ज्या ओट्यावर बसल्या होत्या, तिथं परत. बसनं, कुठं कुणाच्या ट्रॅक्टरवर, बरंचसं पायी. सगळा उन्हाळा त्यांना लागला. मी सुट्टीच्या दिवशी दोनदा त्यांना सोडायला गेलो होतो, आणि दोन्ही वेळा ओट्यापासून लांब थांबलो.

सगळीकडं त्या जवळजवळ एकच सांगत. "मी तुमाले सांगतलं होतं का तेलाची पुन्हा पन्नी होते. ते खोटं निघालं. ते तेल जाळून राहिले. आपल्या घरचा धूर दुसऱ्याच्या घरी जाऊन राहिला. मी पाहून आली."

बायकांना राग आला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. एका गावात एका म्हातारीनं विचारलं, "मंग आमी धून काहून देलं?"  दुसऱ्या एकीनं विचारलं, आता टाकायचं कुठं? बाई म्हणाल्या की मला माहीत नाही. उभ्या आयुष्यात हे वाक्य त्या बायकांनी नर्सबाईंच्या तोंडून ऐकलं नव्हतं. काही जणींना ते पटलं नाही. प्लांटवाल्यांशी बिनसलं असेल, असं त्या आपसात बोलल्या. बाकीच्यांनी ऐकून घेतलं आणि पुढच्या पावसाळ्यात चुलीखाली पुन्हा पन्नी सरकवायला लागल्या. धुवायचं, वाळवायचं, जपून ठेवायचं, आणि शेवटी ते जळणारच, तर आपल्याच चुलीत जळू दे. त्यांचंही चुकीचं नव्हतं. बाई पावसाळ्यात त्या गावांतून जायच्या तेव्हा त्यांना तो वास येत असणार. तो त्यांना सगळ्यांच्या आधी यायचा.

लताचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. तिथं काय झालं ते मला पुढं लतानंच सांगितलं. बाई दारात आल्या, त्यांनी पाणी मागितलं नाही. म्हणाल्या की ज्या कामासाठी मी देवानंदला लावलं, ते काम मी सांगितलं तसं नव्हतं. सगळं सांगितलं, टँकर, बर्नर, झोपड्या. लता ऐकत होती. देवानंद गेल्यापासून ती सासूला, पोराला, विहारात येणाऱ्या बायांना सांगत आली होती की तो चांगल्या कामात गेला. नर्सबाई म्हणतात, असंही म्हणत असे.

"मले नसतं सांगतलं तं चाललं असतं, बाई," लता म्हणाली.

बाई म्हणाल्या, "हो. पण तू माह्या शब्दावर त्याले पाठवलं होतं."

मग लता उठली आणि चहा ठेवायला चुलीजवळ बसली. पहिला पाऊस पडून गेला होता, काड्या ओल्या होत्या. तिनं कोनाड्यातून एक पुडी घेतली, काड्यांखाली सारली आणि पेटवली. बाई समोर बसून पाहत राहिल्या. धूर झाला, तो खोलीभर झाला. त्यांनी तिला अडवलं नाही. चहा झाला, तो पूर्ण प्यायल्या, कप विसळून ठेवला आणि निघाल्या. मला हे सांगताना लता म्हणाली, "त्या काही बोलतील म्हणून मी मुद्दाम पेटवली होती. बोलल्या असत्या तं बरं झालं असतं."

त्यानंतरच्या वर्षी प्लांट वाढवायचं ठरलं. आणखी दोन रिॲक्टर बसणार होते. अशा वेळी गावकऱ्यांना बोलावून सुनावणी घ्यावी लागते. प्लांट वाढला, ते दोन रिॲक्टर आज चालू आहेत, हे इथंच सांगून टाकतो.

सुनावणी प्लांटजवळच्याच एका मोकळ्या शेतात होती. मंडप, लाल खुर्च्या, माइक, मागं बॅनरवर तेच हिरव्या बाणांचं वर्तुळ. आम्हा कामगारांना शेठनं एकसारखे शर्ट शिवून दिले होते आणि पुढच्या रांगांत बसवलं होतं. मी तिसऱ्या रांगेत होतो. माझ्या बायकोला, सुनीताला तेव्हा सातवा महिना होता. बाई प्लांट सोडून गेल्यावरही दर रविवारी तिला तपासायला यायच्या. मी घरी असलो तर माझ्याशीही बोलायच्या, पण कामाचं कधी नाही. आदल्या रविवारी जाताना मात्र दारात थांबल्या होत्या. सुनावणीत मी बोलणार आहे, म्हणाल्या. तूही बोललास तर बरं होईल, तुझ्याकडं तपासणीचे आकडे आहेत. मी म्हटलं, पाहतो बाई. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

बोलणारे पुष्कळ होते. सरपंच बोलले, त्या बागाईतदारांचा मुलगा बोलला, रोजगार येईल म्हणाला. बाईंचं नाव दुपारी पुकारलं गेलं. त्या माइकपाशी गेल्या, तो त्यांच्या तोंडाच्या वर होता. कुणी खाली केला नाही, तेव्हा त्यांनीच मान उंचावून बोलायला सुरुवात केली. हिंदीत बोलत होत्या, मध्येच मराठीत येत होत्या. देवानंदचं सांगितलं. मग तेल कुठं जातं ते सांगितलं, पाहिलं तसं, एकही शब्द वाढवला नाही.

समोर बसलेले अधिकारी भले गृहस्थ होते. हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्यांनी बाईंना मध्ये तोडलं नाही. शेठचा माणूस काही बोलायला उठला तर त्याला खाली बसवलं. शेवटी त्यांनी हिंदीत विचारलं की तुम्ही सांगता ते गंभीर आहे, पण कंपनीच्या कागदांवर तेल कारखान्याला जातं असं आहे. तुम्ही टँकरच्या मागं गेलात तेव्हा तुमच्यासोबत आणखी कुणी होतं का? एक माणूस जरी असला, तरी मी हे बयान म्हणून लिहून घेऊ शकतो.

 पंखे फिरत होते. बाईंनी मान वळवली आणि आमच्या रांगांवरून नजर फिरवली, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्यावरून ती गेली, थांबली नाही. मी त्यांच्याकडं पाहत होतो. उठायला फार काही लागत नाही. खुर्ची मागं सारायची असते. माझे हात गुडघ्यांवर होते आणि नव्या शर्टाची कॉलर मानेला टोचत होती.

घरोघरी जाऊन ज्या बाईंनी गावंच्या गावं आपला शब्द परत घेतला होता, त्यांनी माइककडं तोंड केलं.

"नाही साहेब," त्या म्हणाल्या. "मी एकटीच होती."

साहेबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढचं नाव पुकारायला सांगितलं.

बाई माइकपासून बाजूला झाल्या. आमच्या रांगेजवळून गेल्या, पण माझ्याकडं वळून पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलेलं कुणाच्या लक्षात येऊ नये, याची त्यांनी काळजी घेतली. मंडपाच्या बाहेर खांबाला धरून त्यांनी चपला पायात घातल्या. पुढं उन्हात रस्ता होता. सौसरची बस आली, त्यांच्यापाशी हळू झाली, त्यांनी हात केला नाही, आणि ती निघून गेली. त्या कडेकडेनं चालत राहिल्या. माइकवर पुढचा माणूस बोलायला लागला होता.

नंतरच्या रविवारी त्या आल्या नाहीत. मुलीकडं वरुडला राहायला गेल्या, असं कुणी म्हणालं. सुनीता अजून विचारते की बाई अशा न सांगता कशा गेल्या. मी तिला अजून सांगितलेलं नाही.